बत्तीस अंशांचे काका

गेल्या वर्षी चतुर्थीला एकोणीस दिवस उरले असताना, सोमवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, पेणमधल्या एका गणपती कारखान्यातले दोन इलेक्ट्रिक हीटर कोणी हात न लावता बंद झाले. खोलीत चार माणसं होती. बटणाजवळ कोणी नव्हतं. खोलीच्या मध्यभागी दोऱ्याने टांगलेल्या काचेच्या थर्मामीटरमध्ये बत्तीस अंश दिसत होते. चौदा मिनिटांनी हीटर आपोआप पुन्हा सुरू झाले. चौघांपैकी एकाने या दोन्ही वेळा वहीत लिहिल्या आणि मगच पायाखालची रबरी चटई गुंडाळली.

त्यांना सगळे काका म्हणत. ते रोह्याला राहत. तिथल्या एका केमिकल कंपनीच्या इलेक्ट्रिकल खात्यातून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर पेण, नागोठणे, रोहा या पट्ट्यात वायरिंगची कामं करत, पण त्यांना पटली तरच. मी त्या काळात एका दैनिकासाठी तालुक्याच्या बातम्या पाठवत असे आणि त्याच कारखान्याच्या माडीवर भाड्याने राहत असे. माझ्या खोलीतला पंखा त्यांनी बसवला होता. त्यासाठी मला पाऊण तास त्यांचं घड्याळ हातात धरून उभं राहावं लागलं होतं. काम करताना अंगावर धातू नको म्हणून ते घड्याळ काढत. ते टेबलावर ठेवलेलं त्यांना चालत नसे. टेबल जबाबदार नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

कोणत्याही घरात गेले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "आज शिफ्टला कोण?"

घरात शिफ्ट नसते, हे सांगून उपयोग नव्हता. एका माणसाचं नाव द्यावंच लागे. मग काम संपेपर्यंत घरातली बटणं तेवढ्याच माणसाने दाबायची, दार त्यानेच उघडायचं, काकांशी बोलायचं तेही त्यानेच. शाळेचे एक निवृत्त मुख्याध्यापक एकदा अर्धा दिवस आपल्या सुनेची परवानगी घेऊन स्वयंपाकघरात पाणी प्यायला जात होते. हे मला सुनेने सांगितलं, मुख्याध्यापकांनी नाकारलं नाही.

दुसरा प्रश्न मेन स्विचबद्दल असे. कोणी म्हटलं, "मेन बंद आहे," की काका विचारत, "कोणी केला?" नाव सांगितलं तरी ते स्वतः जाऊन बघत, चिनीमातीचा फ्यूज उपटून खिशात टाकत आणि मग टेस्टर काढत. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावायचा, मग बंद वायरीला, मग पुन्हा चालू प्लगमध्ये. चालू प्लग शेजारच्या घरातला असला तर शेजारच्या घरात जाऊन. मधल्या वेळात टेस्टरच मेला नाही ना, याची खात्री करायची असे.

पेणच्या बाजारातल्या एका मिठाईवाल्याने या पद्धतीची चेष्टा केली होती. काका शिडीवर असताना त्याने आत हाक मारून फ्रिज चालू करायला सांगितलं. फ्रिज चालू होणं शक्यच नव्हतं, कारण फ्यूज काकांच्या खिशात होता. तरी काका खाली उतरले, हत्यारं पिशवीत भरली आणि स्टेशनवर गेले. त्या जुन्या बोर्डाच्या मापाचा फ्यूज बाजारात मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने काका परत आले, पातळ झालेल्या श्रीखंडाकडे न बघता शिडी लावली आणि विचारलं, "आज शिफ्टला कोण?"

मिठाईवाला म्हणाला, "तुम्हीच."

"मी कॉन्ट्रॅक्टर हाय. शिफ्टचा माणूस दे."

असं का वागतात, हे मी त्यांच्या दोन जुन्या सहकाऱ्यांना विचारलं होतं. एकाने सांगितलं, कंपनीत एकदा बंद म्हणून सांगितलेली लाइन कोणीतरी चालू केली आणि एका फिटरचा हात भाजला. दुसरा म्हणाला, तसं काही झालं नाही, ते नोकरीला लागले त्या दिवसापासून असेच होते. दोन्हींपैकी कशालाही दुजोरा मिळाला नाही. काकांना विचारलं तेव्हा त्यांनी मला घड्याळ नीट धरायला सांगितलं.

हीटरचं काम निघालं ते शाडूमुळे. कारखान्याचा मालक सुधाकर हा स्वतः मूर्तिकार. पेणमध्ये अजून काही घरांत पद्धत आहे की चतुर्थीच्या बऱ्याच आधी घरचा लाकडी पाट कारखान्यात आणून ठेवायचा. मूर्ती त्याच पाटावर बसून घरी जाते. सुधाकरकडे असे छत्तीस पाट होते. प्रत्येकाच्या पाठीवर खडूने आडनाव. त्यांतले बरेचसे त्याच्या वडिलांच्या काळापासून येणारे. तोवर या पाटांवर प्लास्टरच्या मूर्ती जात. गेल्या वर्षी सुधाकरने ठरवलं की पाटावरची प्रत्येक मूर्ती शाडूची करायची, आणि तसं छत्तीसही घरांना सांगून टाकलं.

प्लास्टर तासाभरात घट्ट होतं. शाडू पावसाळी हवेत तीन-तीन आठवडे ओला राहतो, आणि घाईने तापवला तर तडकतो. सुधाकरने मागच्या खोलीत भिंतीवर दोन हीटर लावून घेतले होते. ते हाताने चालू-बंद करताना कधी विसर पडे, कधी खोली भट्टी होई. पेणमध्ये श्रावणात खोली गरम करणारा माणूस म्हणून आळीत त्याची पुरेशी कीर्ती झाली होती. लोक येताजाता विचारत, "काय सुधाकर, बरफ पडतोय का आत?"

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट एवढीच होती. मूर्ती वेळेत वाळली नाही तर पाट रिकामा परत करावा लागणार होता. वडिलांपासून तसं एकदाही झालं नव्हतं. सुधाकरच्या बायकोने, रेखाने, एकदा सुचवलं की अडलंच तर दोन-चार मूर्ती शेजारच्या कारखान्यातून घेऊ. सुधाकर म्हणाला, "दुसऱ्याची मूर्ती माझ्याकडं ठेवलेल्या पाटावर? मग मी सरळ कंपनीत जातो शिफ्टला."

"कंपनी घेईल का ते बघा आधी," रेखा म्हणाली.

ठरलेलं तापमान आलं की हीटर आपोआप तोडणारा थर्मोस्टॅट लावायचा, हे सुधाकरने मोबाइलवर पाहून ठरवलं आणि एक मागवलाही. काकांनी तो हातात घेतला, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं दोन मिनिटं वाचली.

"किती व्होल्टचा मागवलास?"

"थर्मोस्टॅट मागवला. चित्रात चांगला दिसला."

"चोवीसचा हाय. आपल्याकडं येतात दोनशेतीस. लावला तर एकदाच चालंल."

"म्हणजे आमच्या मिक्सरसारखा," रेखा म्हणाली. "तो पण ह्यांनी चित्र बघूनच आणला."

काकांनी दुसरा आणायला लावला. थेट घरच्या विजेवर चालणारा, सोळा अँपिअरचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. एकच वायर तोडणारा त्यांना चालत नव्हता. एक तोडून बंद म्हणणं म्हणजे एका पायातली चप्पल काढून देवळात जाणं, असं ते म्हणाले. दोन्ही हीटर मिळून तेरा अँपिअर घेत. सोळाच्या यंत्राला तेराच द्यायचे, तीन त्याच्या म्हातारपणासाठी ठेवायचे.

त्या सोमवारी शिफ्टला रेखाचं नाव लिहिलं गेलं. सुधाकरला ते लागलं. "कारखाना माझा हाय काका."

"तुझे हात मातीत असतात. बटणाला कोरडा हात पायजे."

काम दहा पन्नासला सुरू झालं. घड्याळ धरायला मी होतो. फ्यूज खिशात गेला, टेस्टर तीनदा लागला. काकांनी लाकडी पट्टीने जमिनीपासून पाच फूट मोजले आणि आतल्या भिंतीवर खूण केली. तिथे हीटरची धग थेट येत नव्हती, दाराचा वाराही नाही आणि खिडकीचं ऊनही नाही. थर्मोस्टॅट भिंतीवर कुठेही लावला तर तो त्या जागेपुरताच खरा असतो, हे त्यांनी रेखाला समजावून सांगितलं. मेन बोर्डापासून या हीटरसाठी वेगळी जाड वायर आणली होती. ती बाहेरच्या वळचणीखालून पाइपातून आत येत होती. बोर्डाकडून आलेल्या दोन वायरी वरच्या स्क्रूत, हीटरकडे जाणाऱ्या दोन खालच्या स्क्रूत. प्रत्येक वायर आवळल्यावर काका ती ओढून बघत. काढलेले स्क्रू डब्याच्या झाकणात, काढले त्या क्रमाने.

शेवटचं काम पाइपाचं तोंड बुजवायचं. त्यातून बाहेरची थंड हवा आली तर ती थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर लागते, आणि त्याला वाटतं खोली थंड आहे. "पुटीनं बुजव," असं सुधाकरला सांगून काका बाहेर अर्थिंग तपासायला गेले. परत आले तेव्हा तोंड राखाडी रंगाने नीट भरलेलं होतं, वरून बोटाने गुळगुळीत केलेलं.

"भरलंस?"

"भरलं."

काकांना दुपारची एक वाजून पाचची गाडी गाठायची होती. त्यांनी झाकण लावलं, फ्यूज बसवला, डायल बत्तीसवर ठेवली. पुढचं सुरुवातीलाच सांगितलं आहे. निघताना त्यांनी रेखाला एक वही दिली. दिवसातून चार वेळा टांगलेल्या थर्मामीटरमधला आकडा लिहायचा, हीटर चालू की बंद, बाहेर पाऊस आहे की नाही, आणि शिफ्टला कोण.

"चारही वेळा मीच असणार काका."

"मग चारही वेळा लिव."

मंगळवार आणि बुधवार आकडे बत्तीस-तेहतीसच्या आसपास राहिले. गुरुवारी चार वाजता वहीत अडतीस आहे. शुक्रवारी सकाळी चाळीस. शुक्रवारी दुपारी सुधाकरने डायल अठ्ठावीसवर आणली. संध्याकाळी सव्वीस आणि शनिवारी सकाळी पुन्हा एकोणचाळीस. तोपर्यंत हीटरच्या बाजूच्या दोन मूर्ती तडकल्या होत्या, एक कानापासून खांद्यापर्यंत, दुसरी पोटावर आडवी. सुधाकरने दोन्ही पाट उलटे करून ठेवले, आडनाव भिंतीकडे.

शनिवारी आठच्या सुमाराला त्याने रोह्याला फोन लावला. मी जिन्यात होतो. फोन स्पीकरवर होता.

"काका, तुमचा थर्मोस्टॅट बिघडला."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतोय ना."

"तुला कोणी सांगितलं? शिफ्टला दे."

रेखाने फोन घेतला आणि वही वाचून दाखवली.

"चाळीस होता तेव्हा पाऊस होता?" काकांनी विचारलं.

"व्हय. वाऱ्यासकट. खिडकीची ताडपत्री उडाली."

"सव्वीसला?"

"कोरडं होतं. पान हलत नव्हतं."

"डायल कोणी हलवली?"

रेखाने सुधाकरकडे पाहिलं. "ह्यांनी."

"ते लिवलंस?"

"नाय."

"लिव गो बाय. आणि आता कोणी हात लावू नका. मी येतो."

गाडी रोह्यानंतरच्या निडी स्टेशनात किती मिनिटं उशिरा आली, यावरून पेणला कधी पोहोचणार ते काका फोन करून सांगत. त्या दिवशी त्यांनी अकरा दहा सांगितलं आणि अकरा बाराला ते स्टेशनाबाहेर होते. कारखान्यात आल्यावर त्यांनी काहीही उघडलं नाही. रबरी चटई घातली, तिच्यावर स्टूल ठेवलं आणि थर्मोस्टॅटसमोर बसून राहिले. सुधाकर दोनदा म्हणाला, उघडून तर बघा. काका म्हणाले, आजारी माणसाला आधी बघायचं असतं, कापायचं नंतर.

पाऊण तासाने बाहेर अंधारून आलं. काकांनी रेखाकडून एक पेटलेली उदबत्ती मागून घेतली आणि थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या फटींसमोर धरली. धूर सरळ वर जात होता. पावसाची सर पश्चिमेकडून भिंतीवर आपटली तसा तो आडवा होऊन खोलीत आला. वारा पडला, धूर पुन्हा सरळ झाला.

काका उठले, बाहेर जाऊन फ्यूज काढला, टेस्टर तीनदा लावला आणि झाकण उघडलं. पाइपाच्या तोंडात राखाडी गोळा होता. त्याच्याभोवती सगळीकडून नखभर फट पडली होती. मधून एक भेगही गेली होती. काकांनी तो गोळा दोन बोटांनी अलगद बाहेर काढला. खिळखिळ्या दातासारखा निघाला.

"सुधाकर," ते म्हणाले, "वाळल्यावर शाडू किती आकसतो?"

सुधाकर वीस वर्षं मूर्ती करत होता आणि हा प्रश्न त्याला गिऱ्हाइकं नेहमी विचारत. सवयीने त्याने सुरुवात केली. "हातभर मूर्ती असली तर बोटभर तरी कमी होते. त्यात आतून पोकळ नसली, जाडी सारखी नसली, तर मग कडेनं सुटते आणि—"

तिथे तो थांबला.

"बाकीचे आम्ही पाटावर बसवतो," रेखा म्हणाली. "हा एक ह्यांनी भिंतीत बसवला."

"पुटी आणायला दुकानात जायचं होतं," सुधाकर म्हणाला. "हाताला माती होती. भोक दिसलं, भरलं."

"ओली माती. दोनशेतीसच्या शेजारी," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. सोमवारपासून पहिले दोन दिवस माती ओली होती तोवर तोंड बंद होतं. गुरुवारी ती वाळून सुटली. वारा आला की थर्मोस्टॅटची पाठ गार पडे आणि तो हीटर तोडायचंच विसरे. वारा नसला की तो बरोबर होता. डायल अठ्ठावीसवर नेऊन सुधाकरने चांगल्या वेळेचंही वाटोळं केलं होतं.

काकांनी आपली वही काढली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं. "चूक. मी. काय भरलं ते विचारलं नाय. चूक. सुधाकर. माती भरली." मी ते पान नंतर पाहिलं. क्रम तोच होता. त्यांच्या नावाखाली रेघ होती, सुधाकरच्या नाही.

पुटी आणायला ते स्वतः गेले. पाइपाचं आतलं तोंड बुजवलं, बाहेरचंही बुजवलं, आणि वळचणीखाली पाइप पावसाकडे तोंड करून होता तो खाली वळवला. मग डायल पुन्हा बत्तीसवर आणली आणि उदबत्ती लावली. सर आली, वारा आला. धूर सरळ राहिला. त्या दिवशीची एक पाचची गाडी त्यांनी जाऊ दिली.

कच्चा शाडू तडकला तरी वाया जात नाही. पाण्यात घातला की पुन्हा माती होते. दोन्ही मूर्ती त्याच दुपारी टबात गेल्या. रविवारी सुधाकरने दोन्ही नव्याने घडवल्या आणि पाट पुन्हा सुलटे केले. चतुर्थीला तेरा दिवस होते. इतर चौतीस मूर्ती एकेक करून वाळत गेल्या, रंगाला गेल्या. नव्यांपैकी एक नऊ दिवसांत वाळली. दुसरी, वडखळजवळच्या खाडीकाठच्या एका मिठागरवाल्या कुटुंबाची, पाठीकडून ओली राहिली. तिथे माती जाड पडली होती.

चार दिवस उरले तेव्हा सुधाकरने डायलकडे हात नेला. "चाळीस करतो. एका रात्रीत होईल."

"कशाला तडकवता?" रेखा म्हणाली.

"तडकली तर तडकली. नायतर काय ओली देऊ त्यांना? त्यांच्या आज्यानं बाबांकडं आणलेला पाट हाय तो."

"म्हणूनच."

सुधाकरने काकांना फोन लावला आणि परवानगी मागितली. काका म्हणाले, "मला कशाला विचारतोस? शिफ्टला विचार."

रेखाने फोन हातात घेतला नाही. "बत्तीस," ती लांबूनच म्हणाली. "आणि तोंड इकडं नको, पाठ हीटरकडं करा. वाळायची ती बाजू हाय." मूर्ती पाटासकट फिरवली गेली. वहीत त्या दिवशी चारही वेळा बत्तीस आहे. चौथ्या नोंदीखाली वेगळ्या अक्षरात लिहिलं आहे: डायलला हात लावला नाय. सुधाकर.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी मूर्तीची पाठ कोरडी झाली. सुधाकरने आधी पुढून रंगवली, मग पाठीकडून. त्याच दिवशी साडेअकराला काका आले. हंगाम संपला की हीटरची लाइन मेनवरून सोडवायची, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ती सोडवली, टोकांना टेप गुंडाळली आणि रेखाची सही घेतली. तोपर्यंत पस्तीस पाट गेले होते.

वडखळचा टेम्पो दुपारी एक चाळीसला आला. मिठागरवाल्यांचा मुलगा एकटाच होता. मागे मूर्ती धरून बसायला माणूस हवा होता. सुधाकर अंगणात बिनपाटाच्या गिऱ्हाइकांत अडकला होता. काकांनी पिशवी खांद्याला लावली, टेम्पोत रबरी चटई पसरली, पाट तिच्यावर ठेवायला लावला आणि शेजारी मांडी घालून बसले. पाट दोन्ही हातांनी धरला. मूर्तीला हात लावला नाही, रंग ओला होता.

"काका, खड्डे हायत रस्त्याला," रेखा म्हणाली.

"म्हाईत हाय," काका म्हणाले. "शिफ्ट माझी."

टेम्पो वडखळ नाक्याला थांबला तेव्हा दोन पाच झाले होते. मुलाचा चुलता मूर्ती धरायला तिथे येऊन उभा होता. काका उतरले, पाट त्याच्या हातात नीट गेला आहे याची खात्री केली आणि रोह्याच्या एसटीसाठी रस्ता ओलांडला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मिठागरवाल्यांचा कारखान्यात फोन आला. मूर्ती बसली होती, कुठेही तडा नव्हता. पाठीवरचा रंग हाताला लागत होता, म्हणून ती बाजू त्यांनी भिंतीपासून चार बोटं लांब ठेवली होती.